नको म्हणायचा मुहूर्त

अमेरिकेला शिकायला गेलेल्या तंजावूरच्या पोरांनी लहानपणी काय केलं, ते मला विचारा. सगळ्यांनी घरातला रेडिओ उघडून बघितला. अर्जाला जोडायची स्वतःबद्दलची असली निवेदनं मी किती टाइप केली त्याची मोजदाद नाही, पण रेडिओ न उघडलेला एक पोरगा मला भेटला नाही. त्या हिशेबानं आमच्या गावात एकही रेडिओ धड वाजायला नको होता. प्रत्यक्षात पहाटेपासून गल्लीभर तेच कोकलत असायचे.

राजवाड्याच्या मागच्या रस्त्यावर माझं टाइपरायटिंग इन्स्टिट्यूट होतं. वडिलांनी काढलं, त्यांच्या मागं मी चालवलं. आम्ही तंजावूरचे मराठी. घरात मराठी, दारात तमिळ, यंत्रावर इंग्रजी. देवनागरी मी मोठेपणी शिकले, त्यामुळं हा मजकूर पुण्याच्या भाचीनं तपासून दिलाय. व्याकरण तिचं आहे. राग माझा आहे, त्याला तिला हात लावू दिला नाही.

आधी माझ्याकडं यायची ती कारकुनीची स्वप्नं पाहणारी मुलं. टाइपिंगची सरकारी परीक्षा द्यायची आणि कचेरीत चिकटायचं. मग दिल्लीत नवं आर्थिक धोरण आलं, आणि आमच्या कोपऱ्यावर फॅक्सचं बूथ आलं. मीही कर्ज काढून एक विजेवर चालणारं टाइपिंगचं यंत्र घेतलं, चूक झाली तर मागं जाऊन अक्षर पुसणारं. ते बघायला माणसं यायची. इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं मात्र बघायला नाही, कामाला आली. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की पुसलेल्या अक्षराचा डाग दिसला की अमेरिकेत अर्ज केराच्या टोपलीत टाकतात. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. धंदा म्हणजे धंदा.

अर्जाबरोबर तीन शिफारसपत्रं लागत. शिफारसपत्र म्हणजे प्राध्यापकानं विद्यार्थ्याबद्दल गुपचूप लिहायचं आणि पाकीट बंद करून वर सही ठोकायची. आमच्याकडं ते विद्यार्थी स्वतःच लिहायचा, मी त्यातलं इंग्रजी सरळ करायची, आणि प्राध्यापक न वाचता सही करायचे. एकाच वर्षी, एकाच वर्गातले चार जण एका प्राध्यापकाला ‘वीस वर्षांतला सर्वोत्तम विद्यार्थी’ वाटले. मी म्हटलं, साहेब, निदान एकाला तरी एकोणीस वर्षांतला करा. ते म्हणाले, “तुम्हीच काय ते बघा, टीचर. सही पण तुम्हीच केलीत तरी चालेल.” मग पगारपण मीच घेते, म्हटलं. हसले. त्यांना तो विनोद वाटला.

पापनाशमकडचे एक भातगिरणीवाले तर मुलाच्या अर्जाला तहसीलदाराचा दाखला जोडा म्हणून हटून बसले. दाखल्यावर हिरव्या शाईची सही. अहो, अमेरिकेत तुमच्या तहसीलदाराला कोण ओळखतो? “सरकारी हिरवी शाई आहे, टीचर. कोणीही मानेल.” मी जोडला. पोराला प्रवेश मिळाला. तेव्हापासून पापनाशमकडून येणारा प्रत्येक बाप आधी तहसीलदाराकडं जाऊन मग माझ्याकडं येऊ लागला. शहाण्याला शब्दाचा मार, ह्यांना कशाचाच नाही.

आता बाहेरच्या माणसाला एवढं कळायला हवं, की नुसता प्रवेश मिळून काही होत नसे. नोकरदार बापाचं आयुष्यभराचं उत्पन्न तिथली दोन वर्षांची फी भागवायला पुरलं नसतं. खरी गोष्ट होती ती ‘एड’. विद्यापीठ फी माफ करायचं, वर एखाद्या प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत काम देऊन खाण्यापिण्यापुरतं द्यायचं. त्यामुळं मार्चमध्ये गावात “प्रवेश आला का?” असं कोणी विचारत नसे. “एड आलं का?” असंच विचारत.

आणि विचारलं तरी उत्तर मिळत नसे! आलेलं सांगायचं नाही, दृष्ट लागते. पोस्टमननं दारात जाड पाकीट दिलेलं अख्ख्या गल्लीनं बघितलेलं, तरी अम्मा म्हणणार, “काही नाही हो, कसला तरी कॅटलॉग.” व्हिसाचा शिक्का बसेपर्यंत सगळं झाकून. मग एकदम नारळ, हार, आणि स्टेशनवर सगळं खानदान. मला मात्र सगळं ठाऊक असायचं, कारण उत्तरं टाइप करायला माझ्याकडंच यावं लागायचं. माझा एक नियम होता: इथं टाइप झालेलं इथंच राहील. तो मी मोडला नाही. एका वर्षी मोडायची वेळ मात्र आली.

त्या वर्षी वीज मंडळातल्या सेतुरावांचा रघू होता. हुशार, नाही म्हणणार नाही. पण स्वतःचं असं मत त्याला देवानं दिलं नव्हतं, किंवा दिलं असेल तर ते अप्पांच्या, म्हणजे सेतुरावांच्या, कपाटात ठेवलेलं होतं. त्याला चार ठिकाणांहून एड आलं. चार! त्यातलं सगळ्यात मोठ्या नावाचं ठरलंही. होकाराचं पत्र मी टाइप केलं, फॅक्स झालं, वर पोस्टानंही गेलं. सेतुरावांनी तेव्हा कोणाला विचारलं नाही, एका दिवसात काम फत्ते.

आणि त्याच वर्षी जानकी होती. तिचे वडील व्यंकटराव पापनाशमच्या शाळेत गणित शिकवायचे. आमच्यातलेच, पण सेतुरावांच्या पंगतीत बसणारे नव्हेत. ही पोरगी बसनं यायची, खिडकीजवळच्या जुन्या यंत्रावर स्वतःचं स्वतः टाइप करायची आणि मला फक्त वाचायला द्यायची. तिच्या निवेदनात रेडिओ नव्हता. कालव्याच्या दारातून पाणी किती सुटतं हे मोजायचं यंत्र कसं सुधारता येईल, हे लिहिलं होतं. मी वाचून म्हटलं, “अगो, हे तर खरंच आहे की.” ती म्हणाली, “खरं लिहू नये का, टीचर?” आता काय सांगू?

जानकीला एकाच ठिकाणाहून बरं पत्र आलं. प्रवेश आहे, एडच्या जागा ज्यांना द्यायच्या त्यांना दिल्या आहेत, त्यातली एकही कोणी नाकारली, तर पहिला हक्क तुमचा. खाली एका प्राध्यापकाची सही. मी ती सही पाहिली आणि पत्र तिला परत दिलं. त्याच प्राध्यापकाच्या सहीचं पत्र आठवडाभर आधी सेतुरावांनी मला दाखवलं होतं. तिची जागा रघूच्या खिशात होती. आणि रघू तिथं जाणार नव्हता.

त्या लोकांची रीत साधी आहे. एप्रिलच्या मध्यावर एक तारीख ठरलेली असते, सगळ्या विद्यापीठांना मिळून एक. तोवर ज्याला जायचंय त्यानं हो म्हणायचं, ज्याला नाही त्यानं नको म्हणायचं. नको आलं की ती जागा पुढच्याला. चार ओळींचं पत्र, एक फॅक्स. ह्यात अवघड काय आहे?

अवघड आहे! आमच्या लोकांना नको म्हणता येत नाही. सोयरिकीचंच बघा. मुलगी बघायला जातील, केसरी, म्हणजे आमच्याकडचा शिरा, खातील, कॉफी पितील, आणि पसंत नसली तरी नाही म्हणणार नाहीत. ‘कळवतो’ म्हणतील. तो बाप बिचारा महिनोन्‌महिने पोस्टमनची वाट बघत बसणार. सेतुरावांनी थोरल्या मुलाच्या वेळी तीन घरं अशी ताटकळत ठेवली होती. आता धाकट्याच्या वेळी तीन विद्यापीठं.

मी त्यांना बोलावून घेतलं. म्हटलं, “सेतुराव, रघूचं एक ठरलं. बाकीच्या तिघांस नकार कळवायला हवा.”

“कशाला, अक्का? गप्प बसलं की त्यांस कळेलच.”

“कळेल, पण तारीख उलटल्यावर. मागं कोणी वाट बघत असेल.”

“हातचं सोडून पळत्याच्या मागं लागूं नये, म्हणतात. व्हिसा नाही झाला तर?”

“व्हिसा नाही झाला तर चारही ठिकाणी नाहीच व्हायचा. व्हिसा काय कॉलेज बघून वेगवेगळा देतात?”

ह्यावर त्यांनी पानाचा डबा उघडला. त्यांच्याकडं उत्तर संपलं की पान निघायचं. पान लावून झाल्यावर म्हणाले, “घरीं आलेल्या लक्ष्मीस नको म्हणूं नये, अक्का. आमच्यात तशी पद्धत नाही.”

“लक्ष्मी घरात एकच नांदते हो. तुम्ही आणखी तिघींस दाराआड कोंडून ठेवलंय.”

शेवटी मी हट्टानं तिन्ही नकारपत्रं टाइप केली आणि रघूला बोलावून सह्या घेतल्या. पोरानं निमूट सह्या केल्या. पत्रं घेऊन मी बूथकडं निघणार, तेवढ्यात सेतुरावांनी हात पुढं केला. “द्या इकडं. देवापुढं ठेवून पाठवतों.” अर्जही देवापुढं ठेवूनच गेले होते, होकारही तसाच गेला होता, मला वाटलं, बरं, ठेवा बापडे. संध्याकाळपर्यंत जातील.

कसली जातात! तमिळ वर्षाचा पहिला दिवस दोन दिवसांवर होता. सेतुराव पत्रं घेऊन जोशाकडं गेले. जोशीबुवा पंचांग घेऊन बसले. विहीर खणायचा मुहूर्त आहे, कान टोचायचा आहे, गाय विकत आणायचा आहे. लक्ष्मीला नको म्हणायचा मुहूर्त त्यांच्या पंचांगात कुठंच सापडेना! वर्ष संपताना नकार पाठवला तर जुन्या वर्षाचा पुण्यसंचय जातो, म्हणाले. पहिल्या दिवशी पाठवला तर वर्षभर तोच पाढा. त्याच्या दुसऱ्या दिवशी अष्टमी, तिसऱ्या दिवशी नवमी, आणि अष्टमी-नवमीला आमच्याकडं माणूस नवी चप्पलसुद्धा घालत नाही. अमेरिकेची तारीख त्या अष्टमीला होती.

इकडं जानकी रोज यायला लागली. पापनाशमहून बसनं तासभर, नुसतं विचारायला की बूथवर तिच्या नावानं काही आलंय का. एकदा तिनं स्वतःच त्या प्राध्यापकाला फॅक्स केला. उत्तर आलं, तेही चांगल्या भाषेत: माझ्या प्रयोगशाळेची जागा ज्यांना दिली त्यांनी अजून काहीच कळवलं नाही, त्यांनी नाकारली तर मी त्याच तासाला तुम्हाला कळवीन. तो कागद हातात धरून ती म्हणाली, “टीचर, जो कोणी आहे त्याला ठरवता येत नसेल, नाही? चांगल्या दोन गोष्टींतून एक निवडणं अवघडच असेल.” तिला त्याची दया येत होती! माझ्या तोंडावर रघूचं नाव आलं होतं. मी उठून पंख्याचं बटण उगाच बंद-चालू केलं.

वर्षाच्या पहिल्या दिवशी मी सेतुरावांच्या घरी गेले. न बोलावता, सणाच्या दिवशी, जेवायच्या वेळेला. असं केलं म्हणून माझ्या आईनं मला घरात घेतलं नसतं. दारात कोलमची रांगोळी, उंबऱ्यावर आंब्याची पानं, आत सगळे पानावर बसलेले. सेतुरावांच्या बायकोनं मला बसवलं, कडुलिंबाच्या फुलांची पचडी वाढली. पत्रं समोर देवघरात, तसबिरीपाशी, वर हळदकुंकू वाहिलेलं.

मी सरळ बोलले. “सेतुराव, उद्या शेवटचा दिवस. हे तीन कागद आज गेले नाहीत तर कोणाचं तरी पोर घरी बसेल.”

“कोणाचं पोर? अमेरिकेत चिनी असतात, कोरियाचे असतात. त्यांची काळजी आम्हांस कां?”

“समजा आपल्याच गावातलं असलं तर?”

ते थांबले. मला वाटलं, पाझर फुटला. अहो कसला पाझर! त्यांनी बायकोकडं बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, “गावातलंच कोणी टपून बसलंय म्हणता? बघ, मी म्हणत होतों. म्हणूनच पोराचं पोट बिघडलंय दोन दिवस.” बायको लगेच उठून मीठ-मिरच्या आणायला गेली. मी समोर बसलेली असताना, माझ्या देखत, रघूची दृष्ट काढली! ती कोणाच्या नजरेची, ते मला सांगायला नको.

मी रघूकडं वळले. “अरे, तुला बोलता येतं की नाही? सही तुझी आहे. जागा तुझी आहे. उठ, कागद घे, बूथ उघडं आहे, मी सांगून आलेय.”

रघूनं पानातला भात कालवला. आईकडं बघितलं, मग अप्पांकडं बघितलं. “अप्पा म्हणताहेत, नवमी झाली की पाठवू. दोन दिवसांनी काय होतं, टीचर?”

काय होतं! चार विद्यापीठांनी मागणी घातलेला हा मुलगा. वीस वर्षांतला सर्वोत्तम. मी पचडी तशीच ठेवून उठले. त्या घरचं पाणी मी त्यानंतर प्याले नाही, आणि त्याचं त्यांना काही वाटलं नाही, हेही खरं.

तुम्ही म्हणाल, बाई, यंत्र तुमचं, बूथ तुमच्या ओळखीचं. दुसरी प्रत टाइप करून तुम्हीच का नाही ढकललीत? रात्रभर तोच विचार केला. पण दुसऱ्याच्या नावानं कागद पाठवणारी टायपिस्ट म्हणजे हातचलाखी करणारा सोनार. एकदा केलं की कोणी कागद देऊ नये. मी नाही केलं. बरोबर केलं असं मला आजही वाटतं, आणि आजही राग येतो.

अष्टमी गेली, नवमी गेली. दशमीला सेतुराव पत्रं घेऊन स्वतः आले. हसतमुख. “घ्या अक्का, आतां पाठवा. बघा, काही बिघडलं?” पत्रांवरचं कुंकू मी फुंकून काढलं. फॅक्स गेला.

तीन-चार दिवसांनी जानकीला त्या प्राध्यापकाचं उत्तर आलं. मुदतीत नकार आला नाही म्हणून विभागानं ती रक्कम दुसऱ्या प्रयोगशाळेला देऊन टाकली. नकार आला तेव्हा देण्यासारखं काही उरलं नव्हतं. फार वाईट वाटतं. प्रवेश अजून तुमचाच आहे, स्वतःच्या खर्चानं येणार असाल तर कळवा. म्हणजे ती जागा रघूनं घेतली नाही, जानकीला मिळाली नाही, आमच्या जोशीबुवांनी वाऱ्यावर सोडली. आपण खाईना, दुसऱ्याला खाऊ देईना, आणि वर देवाला साक्षी ठेवायचं. थू!

रघू आता तिकडं प्राध्यापक आहे. मागं एकदा आला होता, तेव्हा त्याच्या जुन्या कॉलेजनं त्याचं भाषण ठेवलं. शाल, हार, फुलांची कमान. मी मागच्या बाकावर जाऊन बसले. विषय काय, तर ‘नकार पचवायला शिका’. पोरं टाळ्या वाजवत होती. त्यानं मला ओळखलं, खाली उतरून नमस्कार केला, “टीचर, तुमच्यामुळं आज इथं आहे” म्हणाला. मी म्हटलं, “नाही रे बाबा, माझ्यामुळं नाही. मला त्यात ओढू नको.” त्याला तो माझा विनयच वाटला असणार. जानकी मद्रासला नोकरीला लागली, चांगली आहे, तिची कीव करायचं कोणाला कारण नाही. कालव्याचं यंत्र मात्र राहिलं ते राहिलंच.

प्राध्यापकाचं ते उत्तर आलं त्याच दिवशी दुपारी जानकी आणि व्यंकटराव दोघं माझ्याकडं आले होते. व्यंकटरावांनी छत्री भिंतीला टेकवली, खुर्चीवर न बसता उभेच राहिले. म्हणाले, “अक्का, हिला सांगा. प्रवेश तर आहे ना? तो नाकारायची घाई कशाला? कागद राहूं दे घरात. उद्या काही सोय झाली तर. कोणी मागायला येत नाही.”  गणिताचा मास्तर, त्याला बेरीज कळत नव्हती असं थोडंच आहे? घरात एक अमेरिकेचा कागद असावा, एवढंच होतं.

जानकीनं कोरा कागद उचलला. खिडकीजवळच्या जुन्या यंत्रावर बसली, कागद सरकवला आणि टाइप करायला लागली. इतर पोरं हात थांबवून बघायला लागली, कारण ती कधी एवढ्या जोरात मारत नसे. संपल्यावर कागद नेहमीसारखा माझ्याकडं आणून दिला. आपण दिलेल्या प्रवेशाबद्दल आभारी आहे. मी येऊ शकत नाही. माझी जागा कृपया आजच मोकळी समजावी.

मी चूक शोधली. सापडली नाही. “कारण लिहायला हवं गो,” मी म्हटलं. “पैशाची अडचण आहे, असं लिही. त्यांस वाईट वाटलं तर काही सोय करतील, कुणी सांगावं.”

“कारण त्यांना ठाऊक आहे, टीचर,” ती म्हणाली. “आणि माझ्या मागं कोणी असेल ना, त्याला कारणाशी काय करायचंय? त्याला फक्त लवकर कळायला हवं.”

मी व्यंकटरावांकडं बघितलं. त्यांनी तोंड फिरवलं. मी खणातून बूथवाल्याला द्यायची फॅक्स नंबरची चिठ्ठी काढली, तर ती म्हणाली, मी जाते, आणि गेली. उन्हात, अनवाणी, चप्पल माझ्या दारातच राहिली होती.